नाना, तुमच्या चाळीस मिनिटांसाठी

नाना,

हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय.

स्टुटगार्टला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी तुम्हाला अवेळी फोन केला होता. तुम्ही दिलेल्या हलगीवर काडी लावली तर आवाज पत्र्यावर खडा पडल्यासारखा. घरात दिवसरात्र हीटर, हवा कोरडी ठाक, चामडं इतकं ताणलेलं की कड्याजवळ फाटतंय की काय असं वाटलं. कुंडलच्या कुस्ती मैदानात आभाळ आलं की मी आधी पाचट शोधायला पळायचो. जाळावर शेकली नाही तर हलगी भद्द वाजणार, एवढंच मला ठाऊक. तुम्ही थोडा वेळ गप्प बसलात आणि म्हणालात, "मग तिथं तिला पाणी दाखव. ओलं फडकं घट्ट पिळून कडंकडंनं फिरव, आन् हीटरपासनं लांब ठेव."

चामडं वाचलं. त्याचेही आभार राहिलेत, पण पत्र त्यासाठी नाही.

ताफा सोडून आल्याचा सल अजून जात नाही. सांगलीला वालचंद कॉलेजात शिकत होतो तोवर सुट्टी लागली की मी तुमच्याबरोबरच. १ ऑगस्टला वाटेगावला अण्णाभाऊंची जयंती, मग गणपती, मग कुस्त्यांची मैदानं. "शिकलेल्या पोरानं हलगी कशाला बडवायची?" असं आमच्या भावकीत बोललं गेलं. त्या "कशाला" मागं काय आहे ते तुम्हालाही कळत होतं, मलाही. तुम्ही उलट शब्द काढला नाहीत. पुढच्या मैदानात मला तुमच्या डाव्या बाजूला, तुमच्या सवालाला हलगीवर जवाब द्यायला उभं केलंत. साथीला घुमकं, कैताळ वाजवणारे काका सगळे तुमच्या वयाचे. तरणी पोरं डीजेकडं गेली, उरलेल्यांनी नटबोल्ट आवळायच्या फायबरच्या हलग्या घेतल्या. अशा वेळी मी विमानात बसलो.

गेल्या मैदानाला मी हट्टानं व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. निवेदकाचा आवाज येत होता, हलगी मात्र नाही. माणसाच्या बोलण्याखेरीज बाकीच्याला फोन गोंगाट समजतो आणि गाळून टाकतो, हे नंतर कळलं. तुमचा हात फिरताना दिसतोय आणि कानात काहीच नाही. मी कॉल कापला. रात्रभर परतीची तिकिटं बघत बसलो.

चार दिवसांनी नातीच्या नंबरवरून रेकॉर्डिंग आलं. ४० मिनिटांचं. सुरुवातीला पाचट तडतडतं, म्हणजे तुम्ही हलगी शेकूनच घेतलीत. मग तुमचा सवाल. मग नुसतं घुमकं. मला वाटलं, पुन्हा आवाज गेला. पुढचा सवाल आला, पुन्हा तेवढीच मोकळी जागा. तिसऱ्या वेळेला ध्यानात आलं, ती जागा माझ्या जवाबाएवढी आहे. बरोबर तेवढीच. चाळीस मिनिटं तुम्ही माझे जवाब सोडून वाजवलंत, नाना. मी उठून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. बराच वेळ.

इथं रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते. म्हणून रात्री हेडफोन लावून मी उशीवर जवाब देतो. शनिवारी दुपारी गावाबाहेरच्या मोकळ्या रानात खरी हलगी काढतो. कधी कुणी लांब उभं राहून ऐकतं. तिकीट अजून काढलेलं नाही. इथली नोकरी मला आवडते, हे तुमच्यापासून लपवून ठेवलं होतं. आता ठेवत नाही.

२६ व्या मिनिटाला तुम्ही लय चढवता, तिथं माझी काडी मागं पडते. ते बसलं की माझे जवाब भरून रेकॉर्डिंग परत पाठवतो. घुमकंवाल्या काकांनाही आभार सांगा. चाळीस मिनिटं त्यांनीही माझी वाट बघितली.

तुमचा,
डाव्या बाजूचा