कागद पाहिल्याशिवाय बंदोबस्त नको : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पाडकामाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या 13 नोव्हेंबर 2024 च्या निर्देशांची प्रभाग पातळीवरील अंमलबजावणी

महोदय,

एखाद्यावर गुन्हा दाखल झाला आणि आठवड्याच्या आत त्याच्या दारात जेसीबी उभा राहिला, तर ती निव्वळ अतिक्रमणविरोधी कारवाई आहे यावर शेंबडे पोरही विश्वास ठेवणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने 13 नोव्हेंबरच्या निकालात हेच बजावले: कोण दोषी हे ठरवणे शासनाचे काम नाही, ते न्यायालयाचे. निकालावर भाषणे भरपूर झाली, पण त्यातली कार्यपद्धती वॉर्ड ऑफिसपर्यंत नीट पोचली नाही. मार्च 2025 मध्ये नागपुरात दंगलीतील आरोपींच्या घरांवर हातोडा पडला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कारवाई थांबवली आणि पुढे महापालिका आयुक्तांनी बिनशर्त माफी मागितली. या निर्देशांचे परिपत्रक आलेच नव्हते, असे कारण त्यांनी दिले. राज्यांनी परिपत्रके काढावीत हे तर निकालातच लिहिलेले होते.

म्हणून हे पत्र तत्त्वांबद्दल नाही, फायलीबद्दल आहे.

सुरुवात नोटिशीपासून. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 53 खाली 24 तासांच्या नोटिसा सर्रास निघतात. छापील नमुना, गाळलेल्या जागा भरायच्या, खाली सही. निकालानंतर हा नमुना बाद व्हायला हवा होता. स्थानिक कायद्यातली मुदत किंवा नोटीस मिळाल्यापासून 15 दिवस, यांत जे नंतर येईल ते धरायचे आहे. नोटीस पोहोच पावतीसह नोंदणीकृत टपालाने पाठवायची आणि शिवाय बांधकामाच्या दर्शनी भागावर डकवायची. (रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. नव्या परिपत्रकात त्याचा उल्लेख करा, नाहीतर तेवढ्याच सबबीवर नोटिसा नुसत्या डकवल्या जातील.) नेमके कोणते बांधकाम, कोणत्या नियमाचा भंग, कोणती कागदपत्रे आणायची, सुनावणी कधी आणि कोणापुढे, हे सारे नोटिशीत आले पाहिजे.

निकालातला सर्वांत मोलाचा निर्देश दिसायला किरकोळ आहे. नोटीस बजावताच जिल्हाधिकारी कार्यालयाला ईमेल करायचा आणि तिकडून आपोआप पोच यायला हवी. ज्याने जावक नोंदवही (कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या पत्रांची वही) जवळून पाहिली आहे त्याला याचे कारण सांगावे लागत नाही. मागच्या तारखेची नोंद नंतर घालता यावी म्हणून नोंदवहीत दिवसाच्या शेवटी दोन-तीन ओळी मोकळ्या सोडता येतात. तेही जमले नाही तर नोंद क्रमांक 122 आणि 123 च्या मध्ये ‘122/अ’ घुसवता येतो. यंत्राने पाठवलेल्या पोचेवरची वेळ मात्र मागे नेता येत नाही. पण ईमेल अधिकाऱ्याच्या नावाचा असेल तर बदली होताच तो बंद पडतो. तो पदनामाचा असावा, विषयात मिळकत क्रमांक असावा आणि पोचेची छापील प्रत फायलीत लागावी.

खरी पडझड आदेशात होते. सुनावणीचे इतिवृत्त नसते आणि आदेशात एकच वाक्य असते: ‘सादर केलेला खुलासा समाधानकारक नाही.’ न्यायालयाला हवी आहेत ती उत्तरे. मालकाचे म्हणणे काय होते आणि ते का अमान्य केले? बांधकाम दंड भरून नियमित होऊ शकते का, नसेल तर का नाही? काही भागच बेकायदा असेल तर कोणता? आणि पाडण्यावाचून गत्यंतर नाही, ते कशावरून? ही उत्तरे देण्यासाठी आदेशात साधा तक्ता पुरेसा आहे: मंजूर क्षेत्र, प्रत्यक्ष क्षेत्र, फरक चौरस मीटरमध्ये, सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) किती आवश्यक आणि किती सोडले. कनिष्ठ अभियंत्याने टेप लावून माप घेतलेच नसेल तर तक्ता भरताच येणार नाही, आणि तोच त्याचा उपयोग. आदेश मिळाल्यावर पुन्हा 15 दिवस थांबायचे. मालकाला तेवढ्यात अपील करता येते किंवा स्वतः बांधकाम काढून घेता येते.

आता आमची मुख्य मागणी. हे सगळे पाळले की नाही, हे आज पाडकाम झाल्यावर कोर्टात कळते. त्याआधी अडवण्याची जागा एकच आहे, ती म्हणजे पोलीस बंदोबस्ताचे पत्र. बंदोबस्ताशिवाय पथक सहसा निघत नाही. म्हणून गृह विभागाबरोबर संयुक्त परिपत्रक काढा. पालिकेच्या पत्राला ईमेलची पोच, आदेशाची प्रत, तो मिळाल्याचा पुरावा आणि दोन पंचांच्या सहीचा पाहणी अहवाल जोडलेला असावा; यातले एक जरी नसले तरी पोलीस ठाण्याने पत्र परत पाठवावे. पंच पालिकेचेच शिपाई नकोत.

अपवादांकडेही लक्ष हवे. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी व जलाशय यांवरची बांधकामे आणि न्यायालयाच्या आदेशाने होणारी पाडकामे या निर्देशांबाहेर आहेत. ते योग्यच आहे. मात्र आता प्रत्येक भिंत ‘रस्त्यात’ असल्याचे दाखवण्याचा मोह होणार. अपवाद लावायचा असेल तर मोजणी नकाशावर बांधकामाची हद्द आखून तो आधी फायलीत ठेवण्याची सक्ती करा.

यामुळे बेकायदा इमले वाचतील, हा आक्षेप आम्हाला पटत नाही. नोटिशीपासून पाडकामापर्यंत सुनावणी धरून साधारण दीड-दोन महिने लागतील. घाईत काढलेल्या एका ओळीच्या आदेशाला स्थगिती मिळाली की वर्षानुवर्षे वीटही हलत नाही. आजूबाजूची तशीच बांधकामे सोडून एकावरच कारवाई झाली तर हेतूबद्दल संशय येईल, असेही न्यायालयाने म्हटले आहे. तेव्हा त्या प्रभागात तशाच किती बांधकामांना नोटिसा दिल्या याची यादी फायलीत असलेली अधिकाऱ्यांच्याच हिताची.

शेवटचा मुद्दा अधिकाऱ्यांच्या खिशाचा. निर्देश मोडले तर अवमानाच्या कारवाईशिवाय पाडलेली वास्तू स्वखर्चाने उभी करून देण्याची आणि भरपाईची जबाबदारी अधिकाऱ्यावर येते. फोन वरिष्ठांकडून येतो, सही मात्र सहायक आयुक्ताची असते. तोंडी आदेश वरिष्ठाने लेखी करून द्यावा, हे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मध्ये आहेच. बंदोबस्ताच्या पत्राच्या नमुन्यात ‘कारवाईचा आदेश देणाऱ्याचे नाव, पदनाम व दिनांक’ असा रकाना ठेवावा आणि तो कोरा असल्यास पत्र स्वीकारू नये, अशी आमची विनंती आहे.

आपले,
नगररचना आणि पालिका कायद्याचे काही अभ्यासक