सापडलेल्या कुत्र्याची चिप नीट तपासा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

निवारा केंद्रातून दत्तक आणलेली आमची कुत्री सखी तिसऱ्याच आठवड्यात कसल्याशा आवाजाला बिचकून हार्नेसमधून निसटली आणि पंधरा दिवसांनी परत मिळाली. त्यांपैकी अकरा दिवस ती एका भल्या गृहस्थांच्या घरी सुखरूप होती आणि तिच्या कातडीखाली ओळख क्रमांकाची मायक्रोचिपही होती. तरीही ती कोणाची हे कोणाला कळत नव्हते. असे का झाले, हे इतर वाचकांना माहीत असावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पहिले चार दिवस आम्ही दहा-बारा जण तिच्या नावाने हाका मारत हिंडलो, आणि ती आमची चूक होती. नव्या घरात अजून न रुळलेले, आधीच माणसांना घाबरणारे कुत्रे अशा हाकांनी जवळ येत नाही, उलट आणखी लांब पळते; भेदरलेल्या अवस्थेत ते रोज खाऊ घालणाऱ्या माणसालाही ओळख देत नाही. निवारा केंद्रातील एका अनुभवी कार्यकर्तीने आम्हाला थांबवले आणि सांगितले, की ती जिथून निसटली तिथे तिचे अंथरूण आणि खाणे ठेवा, पहाटे व तिन्हीसांजेला तिथे गुपचूप बसून राहा, दिसलीच तर नजर न भिडवता खाली बसा, आणि फलकावर ‘पाठलाग करू नका, फोन करा’ हे शब्द सर्वांत ठळक लिहा. तोवर सखी त्या गृहस्थांना सापडली होती.

त्यांनी करायला हवे ते सारे केले. त्याच दिवशी ते तिला एका दवाखान्यात घेऊन गेले. तिथे मानेवरून एकदा स्कॅनर फिरवून ‘चिप नाही’ असे सांगण्यात आले, आणि त्या दोन शब्दांनी आमची सखी बेवारस ठरली. अकरा दिवसांनी, तिला दुसरे घर देण्यापूर्वी, वेगळ्या पशुवैद्यांनी तिचे सर्वांग तपासले तेव्हा चिप डाव्या पुढच्या पायाच्या कोपराजवळ मिळाली.

यात नवल काही नाही. तांदळाच्या दाण्याएवढी, साधारण १२ मिलिमीटर लांबीची ही चिप दोन्ही खांद्यांच्या मधोमध टोचली जाते, पण काही प्राण्यांत ती कालांतराने खांद्याकडे, छातीकडे किंवा पायाकडे सरकते. तिच्यात बॅटरी नसते. स्कॅनर जवळ आला की त्याच्याच लहरींवर ती जागी होते आणि फक्त आपला क्रमांक सांगते. (ती कुत्र्याचा ठावठिकाणा दाखवते हा समज आमच्या शोधात मदत करणाऱ्या अनेकांचाही होता; तो खरा नाही.) ती काही सेंटिमीटर अंतरावरूनच वाचता येते. म्हणून धातूचा पट्टा काढून, स्कॅनर अंगालगत ठेवून, मानेपासून पाठीवर, दोन्ही खांद्यांवर, पुढच्या पायांवर आणि छातीवर तो सावकाश, आडवा-उभा फिरवावा लागतो. स्कॅनरची बॅटरी उतरलेली असली किंवा चिप जुन्या, वेगळ्या वारंवारतेची असली, तरीही ती हुकू शकते. एकदा काही मिळाले नाही तर पुन्हा, शक्यतो दुसऱ्या स्कॅनरने पाहणे हाच उपाय आहे, आणि त्याला दोन-तीन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

क्रमांक मिळाल्यावरही फोन आम्हाला आला नाही, निवारा केंद्राला गेला, कारण चिपच्या क्रमांकापुढे मालकाचा तपशील असलेल्या नोंदणीत आमचे नाव व फोन क्रमांक घालून घेण्याचे काम आम्ही पुढे ढकलत राहिलो होतो. केंद्र चालू होते म्हणून निभावले. अमेरिकेतील ५३ निवारा केंद्रांच्या नोंदींवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तिथे आलेल्या चिप असलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे ५२ टक्के मालकांकडे परतल्याचे दिसले, तर सर्व भटक्या कुत्र्यांत हेच प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होते. ज्यांचे मालक मिळाले नाहीत, त्यांत सर्वांत मोठे कारण चुकीचा किंवा बंद पडलेला फोन क्रमांक हेच होते.

आपल्या वृत्तपत्रातील ‘हरवले-सापडले’ सदरासाठी एक विनंती आहे. सापडलेल्या कुत्र्याची माहिती छापताना त्याची चिप तपासली का, कधी तपासली आणि सर्वांग तपासले का, एवढे आवर्जून विचारावे व ते छापावे. चिप मिळाली असल्यास तिचा पूर्ण क्रमांक मात्र छापू नये. मालकी सांगायला येणाऱ्याकडूनच तो विचारून घेता येतो.

आपली विश्वासू,
एक वाचक