शेजारच्या घरातला आवाज

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

शेजारच्या फ्लॅटमधून रात्री येणारे आवाज आणि सकाळी लिफ्टमध्ये मान खाली घालून उभी राहणारी ती मुलगी, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हापासून मला चैन नाही. सोसायटीतले म्हणतात, नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडा? अरे, तिला मार बसतोय. याला भांडण म्हणू नये.

समुपदेशन केंद्रात इतकी वर्षं काढली, म्हणून सांगते. 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यातलं चौथं कलम तुझ्यासारख्यांसाठीच आहे. हिंसा होतेय असं वाटण्याजोगं कारण असेल तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. मार चालू असेल तर सरळ 112 लाव. पण तिच्या नवऱ्याला एकट्याने जाब विचारायला जाऊ नकोस. दार बंद झाल्यावर त्याचा राग तिच्यावरच निघेल.

आधी सायलीने तिला गाठावं, तो घरी नसताना. तू बोललास तर तो तिच्यावरच संशय घेईल. अशा बायका पहिल्यांदा 'पडले' असंच सांगतात. खोदून विचारू नका, महिला हेल्पलाइनचा 181 नंबर आणि तुमचं दार, एवढं तिला ठाऊक असू द्या.

पोलीस म्हटलं की बाई दचकते. तिला नवरा तुरुंगात नको असतो, मार थांबायला हवा असतो. नवऱ्याच्या छळासाठीचं पूर्वीचं कलम 498-अ, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेतलं कलम 85, हा फौजदारी मार्ग आहेच. पण 2005 चा कायदा तिला थेट मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू देतो: मारू नये, घराबाहेर काढू नये, खर्चाला पैसे द्यावेत, मुलं तिच्याजवळ राहावीत. तातडी असेल तर त्याचं म्हणणं ऐकण्याआधीही अंतरिम, म्हणजे तात्पुरता, आदेश मिळू शकतो. संरक्षणाचा आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घर सासूच्या नावावर आहे म्हणून तिचा हक्क आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलंय. पगार काढून घेणं, दागिने अडकवून ठेवणं, घालूनपाडून बोलणं, हेही या कायद्यात हिंसाच आहे.

निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, हे तिला आधीच सांगा, नाहीतर मध्येच खचते. वकिलाच्या पैशांची काळजी नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो. लागलं असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून केसपेपर जपून ठेवावा. तो घरात ठेवायची भीती वाटली तर तुमच्याकडे ठेवा.

अर्ज कधी करायचा, करायचा की नाही, हे ती ठरवेल. तिने आज नको म्हटलं तर रागावू नका, पुन्हा चौकशी करा. सायली तिच्याशी बोलली की मला फोन कर.

तुझी,
आई