नर्सिंगला पैसे भरण्याआधी नोंदणीचे विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बारावीचा निकाल लागला की नागपुरात मेडिकल चौकापासून सीताबर्डीपर्यंत ‘सहा महिन्यांत नर्स व्हा, नोकरीची हमी’ अशी पत्रके चिकटवलेली दिसतात. गोंदिया, गडचिरोलीकडून आलेले पालक ती हातात घेऊन विचारतात, ‘‘सिस्टर, पोरीले इथं टाकू का?’’ मी सरकारी रुग्णालयातून परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. हा प्रश्न ऐकला की अजूनही जीव खालीवर होतो.

पालक फी विचारतात, वसतिगृह विचारतात. या शिक्षणानंतर मुलीची महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होईल का, हे मात्र फार थोडे जण विचारतात. नोंदणी नसेल तर नागपूरची मेयो, मेडिकल, डागा ही सरकारी रुग्णालये किंवा मिहानमधले एम्स, कुठल्याच सरकारी भरतीत परिचारिकेच्या पदासाठी अर्ज करता येत नाही. आमच्या वस्तीतल्या एका मुलीने वर्षभराचा ‘नर्सिंग असिस्टंट’ कोर्स केला. वडिलांनी त्यासाठी शेत गहाण टाकले होते. आज ती एका खासगी दवाखान्यात मदतनिसाच्या पगारावर रात्रपाळ्या करते. हुशार आणि कामसू मुलगी आहे. तिला तेव्हा कोणी नीट सांगितले असते तर आज तिच्या हातात नोंदणी असती.

नोंदणीकृत परिचारिका होण्याचे दोन सरळ मार्ग आहेत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी असेल तर चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग. ही पदवी बहुतांशी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते आणि प्रवेश सीईटी या प्रवेश परीक्षेतून होतो. कला किंवा वाणिज्य शाखा असली तरी इंग्रजी घेऊन बारावी झालेल्यांना तीन वर्षांचे जी.एन.एम. (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) ही पदविका करता येते. दोन वर्षांच्या ए.एन.एम.चीही परिषदेत नोंद होते, पण ती वेगळी, साहाय्यक परिचारिकेची. उपकेंद्रात गावोगाव फिरून लसीकरण आणि बाळंतपणे सांभाळणाऱ्या या बायकांचे काम मोठे आहे. मात्र वॉर्डातल्या अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) जागा त्यावर मिळत नाही.

जी.एन.एम.ला लोक उगाच कमी लेखतात. माझ्या वॉर्डातल्या कितीतरी उत्तम सिस्टर जी.एन.एम. झालेल्या होत्या. पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करून पदवी घेता येते, मग एम.एस्सी.चीही वाट मोकळी होते. एम्सच्या भरती परीक्षेला मात्र जी.एन.एम.वाल्यांना किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो, पदवीधरांना तो लागत नाही. हा फरक आधीच माहीत असावा. घरची परिस्थिती लवकर कमावण्याची असेल आणि सरकारी जी.एन.एम.ची जागा मिळत असेल, तर कर्ज काढून महागड्या खासगी पदवीच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

संस्था बघायला गेलात तर इमारत कमी आणि वॉर्ड जास्त बघा. मुलींना कोणत्या रुग्णालयात पाठवतात, तिथल्या खाटा भरलेल्या असतात का, रात्रपाळीला शिकवणारी सिस्टर सोबत असते का, हे तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींनाच विचारा. त्या खरे सांगतात. सलाइनची शीर सापडणे, बाळंतिणीचा रक्तस्राव वेळेत ओळखणे हे रिकाम्या खाटेजवळ उभे राहून येत नाही. आणि मूळ गुणपत्रिका दलालाच्या हाती देऊ नका. त्या अडकल्या की प्रवेश बदलणे अवघड होऊन बसते.

विदर्भातल्या कनिष्ठ महाविद्यालयांनी बारावीच्या परीक्षेआधीच एखाद्या नोकरीतल्या सिस्टरला वर्गात बोलवावे आणि जिल्ह्यातील मान्यताप्राप्त संस्थांची यादी सूचना फलकावर लावावी. प्रवेशाच्या दिवसांत आपल्या दैनिकानेही ती यादी छापावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त परिसेविका, नागपूर