आधी हात तयार होऊ द्या, मग वही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा नातू चार वर्षं दोन महिन्यांचा आहे. यंदा जूनपासून तालुक्याच्या गावी ज्युनिअर केजीत जातो. मागच्या आठवड्यात त्याला आणायला गेले तेव्हा त्याचा वर्ग पाहिला. खोली दुसऱ्या मजल्यावर, आणि बाक असे की एकाही मुलाचे पाय जमिनीला टेकत नव्हते. खेळणी भरपूर होती, पण सगळी कुलूपबंद काचेच्या कपाटात. घरी आल्यावर दप्तरातून वही निघाली. गृहपाठ होता १ ते ५० दोन वेळा आणि एबीसीडी एकदा.

तो लिहायला बसला आणि मी त्याचा हात बघत राहिले. पेन्सिल मुठीत आवळलेली. मनगट वळतच नव्हतं, सगळा हात खांद्यापासून हलत होता. आठाचा आकडा एका ओढीत जमेना, म्हणून तो एक गोळा काढायचा आणि त्यावर दुसरा बसवायचा. तिसऱ्या ओळीला कागद फाटला. "आजी, हात दुखतो," म्हणाला. सुनेला वाटलं टाळाटाळ करतोय. तो खरंच सांगत होता. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती नुसती कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक भाग असते, आणि एकेक हाड पक्कं होत होत दहा-बारा वर्षं जातात. एवढ्याशा हाताकडून पानंच्या पानं लिहून घ्यायची?

मी सातारा जिल्ह्यात ३१ वर्षं अंगणवाडी सेविका होते. पत्र्याची एक खोली आणि पुढे अंगण, एवढीच आमची अंगणवाडी. चिंचोके, सागरगोटे, शेंगांची टरफलं, ओली माती, हे आमचं सामान, आणि ते मुलांच्या हाताला येईल असं खालीच मांडलेलं असायचं. एक मुलगी कितीतरी दिवस फक्त तांब्यातून वाटीत पाणी ओतायची. रोज सांडायची. मदतनीस वैतागायची, मी म्हणायचे, ओतू दे तिला. एक दिवस तिने माझा पदर ओढला. "बाई, या तांब्यात चार वाट्या बसत्यात." हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तिचं बोट तेव्हा वाटीच्या काठावर होतं, आणि पाणी अगदी काठाला येऊन थांबलेलं होतं.

आमच्याकडे सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही. अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ला सुरू झाली. तिच्या सहा सेवांपैकी पूर्वशालेय शिक्षण ही एक. आहार, लसीकरण, वजनं आणि रजिस्टरं यांतून गाण्या-गोष्टींना तासभर मिळाला तरी पुष्कळ. ती खंत मला अजून आहे.

पण वाट कोणती ते महाराष्ट्राला केव्हाच दाखवलेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे १९५७मध्ये त्या कोसबाडला गेल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. महागडी साधनं परवडत नव्हती, तर शिंपले, खडे, पानं, बिया घेतल्या. ज्या राज्यात हे घडलं, तिथे आज साडेतीन वर्षांच्या मुलाला बाकावर हाताची घडी घालून बसवतात, याचं मला फार वाईट वाटतं. २०२२च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही तीन ते सहा वयाला ठरावीक पाठ्यपुस्तक नको, खेळातूनच शिकणं हवं, असंच म्हटलं आहे.

मी शाळेतल्या बाईंना भेटले. त्या तळमळीने बोलल्या. "आजी, आम्हाला कळतं हो. पण पंधरा दिवस वही कोरी दिसली की पालक विचारतात, फी कशाची घेता?" त्यांचं म्हणणं मला पटलं, म्हणूनच हे पत्र पालकांसाठी आहे. प्रवेश घ्यायला जाल तेव्हा मुलाच्या शेजारी खाली बसा आणि तिथून वर्ग बघा. मांडणीवरची वस्तू त्याला स्वतःच्या हाताने घेता येते का? पाणी पिता येतं का? संडासाची कडी त्याच्या हाताला पुरते का? लोळायला मोकळी जमीन आहे का? आणि शाळेला स्वतःहून सांगा, वही कोरी राहिली तरी आमची तक्रार नाही. आमच्या सुनेने सोमवारी असंच लिहून दिलं. नातू सध्या संध्याकाळी माझ्याबरोबर पावटे सोलायला बसतो.

— एक निवृत्त अंगणवाडी सेविका, जि. सातारा