चिनूच्या निर्णयाबद्दल

मिरज

प्रिय अव्या,

तुझा परवाचा फोन डोक्यातून जात नाही. मेडिसिन मिळण्याइतका रँक असताना तुझी पोरगी चिनू एमडी फिजिऑलॉजी, म्हणजे शरीर चालतं कसं याचा विषय, घेणार म्हणते, पुढे किडनी आणि बीपीवर संशोधन करणार म्हणते, आणि तुझं म्हणणं, "सुऱ्या, तूच समजाव तिला." मी तुलाच समजवायला बसलोय. फोनवर तू मध्येच बोलतोस, म्हणून पत्र.

फर्स्ट एमबीबीएसला आपण फिजिऑलॉजीचं पुस्तक, 'गायटन', उशाशी घेऊन झोपायचो, आठवतं? पुस्तकामागचा माणूस तेव्हा आपल्याला कुणी सांगितला नाही. आर्थर गायटन, जन्म 1919, मिसिसिपीतल्या ऑक्सफर्ड गावचे. हार्वर्डमधून डॉक्टर झाले, बॉस्टनला सर्जरीचं शिक्षण चालू होतं, हृदयाचा सर्जन व्हायचं ठरलेलं. 1946 साली पोलिओ झाला. उजवा पाय, डावा हात आणि दोन्ही खांदे अधू झाले. ऑपरेशन टेबलापाशी तासन् तास उभं राहणं संपलं. जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जला उपचार घेताना या माणसाने जॉयस्टिकने चालणारी मोटरची व्हीलचेअर बनवली! मग गावी परतून 1948 साली तिथल्या मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजीचे विभागप्रमुख झाले, ते 1989 पर्यंत. मधे कॉलेज जॅक्सनला हललं, तेवढाच काय तो बदल. विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या नोट्सचं 1956 साली पुस्तक झालं, आणि पहिल्या आठ आवृत्त्या त्यांनी एकट्याने लिहिल्या.

पण मला तुला पुस्तकाबद्दल सांगायचं नाही, कुत्र्यांवरच्या एका प्रयोगाबद्दल सांगायचंय. किडनीचा सुमारे 70 टक्के भाग काढून टाकलेली कुत्री. साधं पाणी पीत होती तोवर बीपी किंचितच वाढलेलं. मग पाण्याऐवजी सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी, प्यायला दिलं. मिठाने तहान भागेना, कुत्री आणखी प्यायली, आणि थोड्याच दिवसांत बीपी नेहमीपेक्षा साधारण 40 मिलिमीटरने वर. पुन्हा साधं पाणी दिलं, तर दोन दिवसांच्या आत बीपी खाली! आता खरी मेख बघ. सुरुवातीला कार्डियाक आउटपुट, म्हणजे हृदय मिनिटाला जेवढं रक्त ढकलतं ते, वाढलेला सापडतो. काही दिवसांनी तो जवळजवळ मूळपदावर येतो, रक्तवाहिन्या आवळून त्यांचा रेझिस्टन्स वाढतो, आणि बीपी तिथेच चढलेलं राहतं. उशिरा पोचणाऱ्याला फक्त आवळलेल्या रक्तवाहिन्या दिसतात आणि तो सगळा दोष त्यांना देतो. सुरुवात किडनीला मीठपाणी बाहेर टाकता न येण्यापासून झाली, हे पहिल्या दिवसापासून मोजत बसलेल्यालाच कळतं.

गायटन यांचा सिद्धांत यातूनच उभा राहिला. बीपी वाढलं की किडनी जास्त मीठपाणी टाकते, उतरलं की राखते, आणि हा हिशेब पुरा होईपर्यंत ती थांबत नाही. मज्जातंतू बीपी काही सेकंदांत सावरतात, पण महिनोन् महिने ते कुठे राहील हे किडनी ठरवते. 1972 साली त्यांनी कोलमन आणि ग्रेंजर या सहकाऱ्यांबरोबर साऱ्या रक्ताभिसरणाचं गणिती मॉडेल छापलं. शेकडो समीकरणं, आणि आकृती अशी की जुन्या रेडिओचं सर्किट वाटावं. तेव्हाचे कॉम्प्युटर आठव, म्हणजे कळेल हे काय काम होतं.

हे सगळ्यांना पटलंय असं मात्र नाही. मेंदू आणि रक्तवाहिन्यांना झुकतं माप देणारे संशोधक आजही भांडतात. उलट, एकाच जीनमधल्या बिघाडाने बीपी फार वाढणं किंवा फार उतरणं असे जे आजार आहेत, त्यांच्यावर रिचर्ड लिफ्टन यांनी येल विद्यापीठात असताना काम केलं, तेव्हा एकेक करून सगळ्या वाटा किडनीतल्या मिठाच्या हाताळणीपाशी आल्या. चिनूला नेमका हाच वाद खुणावतोय. गेल्या खेपेला माझ्याकडे आली तेव्हा रात्री साडेअकरापर्यंत मला विचारत होती, बीपीच्या बहुतेक पेशंटांची किडनी तपासणीत नॉर्मल दिसते, मग तिच्यात बिघडलेलं असतं तरी काय? अव्या, हा प्रश्न इतकी वर्षं शिकवून मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता.

तू रोज ओपीडीत बीपीची गोळी म्हणून टेल्मिसार्टन लिहितोस. रेनिन या किडनीतल्या पदार्थापासून बीपी वाढवणारी जी साखळी सुरू होते, तीच ही गोळी अडवते. रेनिन 1898 साली स्टॉकहोममध्ये सशाच्या किडनीच्या अर्कातून टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी दाखवलं; तिथून तुझ्या गोळीपर्यंत यायला जवळपास शंभर वर्षं आणि कितीतरी माणसांचं आयुष्य लागलं. त्यांच्याही घरी कुणीतरी विचारलंच असेल, प्रॅक्टिस का नाही करत म्हणून.

पगार बेताचा असेल, ग्रँटसाठी अर्जांवर अर्ज करावे लागतील, हे मी तिला स्पष्ट सांगेन. बार्शीचं हॉस्पिटल पुढे कोण बघणार ही तुझी काळजीही खरी आहे, पण त्यासाठी पार्टनर शोधता येतो. अ‍ॅडमिशनच्या काउन्सेलिंगचा चॉइस तिचा तिला भरू दे. आणि त्याआधी एकदा तिच्यासमोर बसून तो किडनीचा प्रश्न तिच्याच तोंडून ऐक, मध्ये न बोलता.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुऱ्या