यकृताच्या कर्करुग्णांना इथला आकडा द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी वैद्यकीय समाजसेवक आहे. यकृताच्या कर्करोगाचा रुग्ण आला की नातेवाईक दोनच गोष्टी विचारतात : आमचा पेशंट प्रत्यारोपणात बसतो का, आणि लिव्हर बदलल्यावर पुढं किती वर्षं?

पहिल्याचं उत्तर बहुधा मिलान निकषांवरून ठरतं. गाठ एकच असेल तर 5 सेंटिमीटरपर्यंत. जास्त असतील तर तीनपर्यंतच, आणि कुठलीही 3 सेंटिमीटरहून मोठी नको. रोग मोठ्या रक्तवाहिनीत किंवा यकृताबाहेर गेलेला नसावा. इटलीत माझाफेरो यांनी 1996 साली 48 रुग्णांवरून हे मांडलं. चार वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण 75 टक्के निघालं. निकष पक्का आहे, पण नुसत्या मापावरून गाठीचा स्वभाव कळत नाही. रक्तातलं एएफपी, म्हणजे या कर्करोगात वाढू शकणारं प्रथिन, हजाराच्या वर असेल तर चार सेंटिमीटरची गाठही दगा देऊ शकते. उलट सहाची गाठ टेस उपचारानं (गाठीच्या रक्तवाहिनीत औषध सोडून तिचा रक्तपुरवठा तोडणं) आक्रसून मापात येते, आणि असे रुग्ण पुढं चांगले राहू शकतात. फ्रान्सनं म्हणूनच आकार, संख्या आणि एएफपी मिळून गुण द्यायला सुरुवात केली.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र आम्ही अजून मिलानकडेच बोट दाखवतो. आपल्या देशात बहुतेक यकृतं जिवंत दात्याची. बायको देते, मुलगा देतो. दाता घरचा असला की निकष थोडे सैल होतात. त्यात मला गैर वाटत नाही. पण मध्यंतरी एक ताई सीटीचा रिपोर्ट पुढं करून म्हणाल्या, "भाऊ, इथं 5.4 लिहिलंय. पोराला लिव्हर देऊ द्यावं का नको?" धडधाकट पोराला ऑपरेशन टेबलावर पाठवणाऱ्या आईला इटलीचा आकडा काय कामाचा?

अवयव प्रत्यारोपण कायद्यात 2011 च्या दुरुस्तीनं दाते आणि रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही आली. राज्यानं तिच्या जोडीला कर्करुग्णांची नोंद ठेवावी : आधीची गाठ, एएफपी, काढलेल्या यकृताचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, मग एक, तीन, पाच वर्षांनी रुग्ण आहे का, रोग उलटला का. हे दरवर्षी केंद्रवार जाहीर करा. मात्र रुग्ण किती अवघड होते हे धरूनच, नाहीतर आकडे चांगले दिसावेत म्हणून केंद्रं अवघड रुग्णाला दारातूनच परत पाठवतील.

मेंदूमृत दात्याचं यकृत मिळण्यासाठीच्या प्रतीक्षा यादीचंही तसंच. यकृताचा आजार किती गंभीर आहे हे सांगणाऱ्या मेल्ड गुणांत रक्तातलं बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), क्रिएटिनिन मोजतात. गाठ मोजतच नाहीत. अमेरिकेत त्यासाठी कर्करुग्णाला वेगळे गुण मिळतात. आपल्या झेडटीसीसींच्या, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांच्या, यादीत काय मिळतं, ते सोप्या मराठीत प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लावायला सांगा.

आणि जिल्हा रुग्णालयांत सिरॉसिसच्या (यकृत कडक होत जाण्याचा आजार) प्रत्येक रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होऊ द्या. दोन सेंटिमीटरला सापडलेल्या गाठीसाठी निकषांवर वाद घालावा लागत नाही.

आपला,
एक वैद्यकीय समाजसेवक